आल्पुहार्रा की गालिसिया? स्पेनच्या खेड्यात बिऱ्हाड हलवण्याआधी

घर विकत घेतलं की स्पेनमध्ये राहण्याचा परवाना मिळतो, अशी समजूत अजून बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. ५ लाख युरोंच्या घरावर मिळणारा तो ‘गोल्डन व्हिसा’ ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाला. खेड्यात राहू पाहणाऱ्या भारतीयाच्या उपयोगाचे आता मुख्यतः दोन मार्ग उरतात. परदेशी कंपनीचं काम लॅपटॉपवर करणाऱ्यांसाठी २०२२ च्या कायद्याने आलेला डिजिटल नोमॅड परवाना, नाहीतर नोकरीधंदा न करता स्वतःच्या पैशावर राहणाऱ्यांसाठीचा ‘नो लुक्रातिवा’. दुसऱ्यात एकट्या अर्जदाराला सध्या महिना २,४०० युरोंची तजवीज दाखवावी लागते, आणि हा परवाना काम करण्यासाठी नाहीच, हे नीट लक्षात ठेवायचं. हे ज्यांचं जमलंय त्यांच्यासाठी पुढचं.

शहर नको, खेडंच हवं, एवढं ठरलं की दोन नावं मी पुढे ठेवतो. दक्षिणेला ग्रानादा प्रांतातला आल्पुहार्रा, म्हणजे सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावरची पांढरी गावं. आणि वायव्येला गालिसियाचा आतला भाग: लुगो आणि ओउरेन्से हे प्रांत, मिन्यो आणि सिल नद्यांच्या खोल घळी, काळ्या छपरांची दगडी घरं. दोन्ही डोंगराळ, दोन्हींकडची तरुण पोरं पोटापाण्यासाठी बाहेर गेलेली. त्यांचं जुनं नातंही आहे. १५६८ च्या बंडानंतर आल्पुहार्रातून मोरिस्कोंना, म्हणजे ख्रिश्चन व्हायला लावलेल्या मुसलमानांना, हाकललं गेलं, तेव्हा ओस पडलेल्या गावांत उत्तरेकडून माणसं आणून वसवली आणि त्यांत गालिसियाचेही लोक होते.

निवड करताना लोक हवामान बघतात, सण बघतात. माझ्या मते या दोन्हींवरून काही ठरत नाही. गाव आणि घर तुमच्याकडून वर्षभर कोणतं काम मागणार, ते आधी बघावं.

छप्पर

आल्पुहार्रातलं जुनं घर मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या माणसाला ओळखीचं वाटेल, कारण ते जवळजवळ माळवदच आहे. चेस्टनटच्या लाकडाची तुळई, वर वेळू किंवा दगडी फरश्या, आणि त्यावर ‘लाउना’ नावाच्या करड्या-निळसर मातीचा थर. ही माती भिजली की फुगून घट्ट बसते आणि पाणी अडवते. जिथे थर पातळ झाला किंवा उंदरांनी पोखरला तिथे पावसाळ्याआधी नवी माती घालायची. बर्फ पडला तर फावड्याने लगेच ओढून टाकायचा. भिंतींना दरवर्षी चुना. हे काम अवघड नाही, पण चुकवता येत नाही. वर्षातले बरेच महिने बंद ठेवायचं घर म्हणून लाउनाचं छप्पर घेऊ नये. बऱ्याच मालकांनी मातीखाली आता काँक्रीट किंवा जलरोधक पत्रा घातलाय. पाहायला गेलात की हा प्रश्न पहिला विचारा.

आणि छप्पर बदलून टाकू म्हणाल, तर तेही सहज होत नाही. पाम्पानेइरा, बुबिओन आणि कापिलेइरा या पोकेइरा घळीतल्या तीन गावांना १९८२ पासून ऐतिहासिक वस्ती म्हणून संरक्षण आहे. लाल कौलं, रंगीत दर्शनी भिंत, मोठी ॲल्युमिनियमची खिडकी, यांतलं काहीही नगरपालिकेच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि परवानगी मिळेलच असं धरून चालू नका.

गालिसियात छपरावर पाटीचा दगड असतो, भिंती ग्रॅनाइटच्या. नीट बसवलेलं पाटीचं छप्पर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. तिथला शत्रू ओल. शरद ऋतू ते वसंत कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, लाकडात भुंगा लागतो, आणि जाड दगडी भिंत एकदा गार झाली की आठवडाभर शेकोटी पेटवली तरी आतून गारच. त्यामुळे खर्चाचा आकडा मांडताना घराच्या किमतीशेजारी लाकूडफाटा, चांगली बंद शेगडी, भिंतीला आतून श्वास घेणारा चुन्याचा गिलावा (सिमेंटचा अजिबात नको, तो ओल कोंडतो) आणि हवेतली ओल खेचणारं यंत्र हे सगळं धरा. उन्हाळा थंड असेल हीही आशा नको. ओउरेन्सेत पारा चाळिशी ओलांडतो.

पाणी आणि रान

खरा फरक इथे पडतो.

आल्पुहार्रात जमिनीचं मोल पाण्यावर ठरतं. मुस्लिम राजवटीत खोदलेले ‘असेकिया’ म्हणजे पाट अजून चालतात. वरच्या डोंगरात वितळलेल्या बर्फाचं पाणी मुद्दाम उतारावर सोडून मुरवतात, ते काही आठवड्यांनी खालच्या झऱ्यांतून वर येतं. गावांच्या पाटांना तिथून धार मिळते. वाटप पाटकऱ्यांची मंडळी करतात, पाळीने. तुमची पाळी रात्री दोनला असेल तर रात्री दोनला बॅटरी घेऊन दार उघडायला जायचं. वसंतात पाट साफ करायला हात द्यायचा, नाहीतर मजुरीचे पैसे. बागेसकट घर घेणाऱ्याने विक्रीच्या कागदात पाण्याचा हक्क, दिवस आणि तास लिहिलेत का ते बघावं. तोंडी ‘पाणी भरपूर आहे’ याला अर्थ नाही. मात्र जाता जाता हेही सांगतो, की शेजाऱ्यांची ओळख व्हायला या पाटासारखी दुसरी जागा नाही. वर्षभर बारमध्ये बसून जेवढं कळणार नाही तेवढं एका सकाळी चिखल उपसताना कळतं.

गालिसियात पाणी मुबलक, काम असतं ते रानाचं. जमिनीचे वारसांमध्ये इतके तुकडे पडलेत, की एका घराबरोबर दहा-बारा पट्ट्या येतात, त्यातल्या चार कुठे आहेत हे विकणाऱ्यालाही दाखवता येत नाही. शेती सुटली, पट्ट्यांत झुडपं आणि निलगिरी माजली. २००७ च्या कायद्यानुसार वस्ती आणि घरांभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यातलं गवत-झुडूप काढून ठेवणं ही त्या जमिनीच्या मालकाची जबाबदारी आहे, तीही उन्हाळ्याच्या तोंडावर. हे कागदी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ओउरेन्सेमधल्या लारोउकोचा वणवा ३०,००० हेक्टरांच्या वर पसरला. गालिसियात नोंदला गेलेला तो सर्वांत मोठा. घर बघताना खिडकीबाहेरची हिरवाई सुंदर दिसते, पण ती कुणाच्या मालकीची आहे आणि तो माणूस गावात राहतो की ब्युनोस आयरेसमध्ये, हे विचारून घ्या.

दुसरी बाजूही आहे. गालिसियात सामाईक राने आहेत, ज्यांवर हक्क जन्माने किंवा खरेदीने मिळत नाही, तिथे राहिल्याने मिळतो. जुन्या भाषेत म्हणायचं तर ज्याच्या घरातून धूर निघतो, तो वाटेकरी. वर्षभर तिथेच राहणाऱ्या परक्यालाही त्यात जागा मिळू शकते. उन्हाळी सुट्टीला येणाऱ्या त्याच गावच्या नातवाला नाही. मला ही व्यवस्था फार आवडते.

सण

आल्पुहार्राचं कॅलेंडर मिस्कील आहे. बेर्चुलेस गावात ३१ डिसेंबर १९९३ ला वीज गेली आणि नववर्ष अंधारात बुडालं, म्हणून त्यांनी ते १९९४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा साजरं केलं. तेव्हापासून दर ऑगस्टला तिथे बारा द्राक्षं खाऊन नवं वर्ष सुरू होतं. लांहारोनला सान हुआनच्या, म्हणजे २३ जूनच्या, रात्री बाराला सगळं गाव बादल्या-पाइप घेऊन एकमेकांना तासभर भिजवतं. ५ ऑगस्टला त्रेवेलेसचे लोक देवीची मूर्ती घेऊन मुलासेनच्या माथ्यावर चढतात, आणि हे शिखर जवळपास ३,४८० मीटरचं आहे. बालोरला सप्टेंबरात मूर आणि ख्रिश्चनांची लुटुपुटूची लढाई. यातलं बहुतेक पाहायला तुम्ही पाहुणे म्हणून गेलात तरी चालतं.

गालिसियाचा ‘एन्त्रोइदो’, म्हणजे लेंटच्या उपवासाआधीचा कार्निव्हल, पाहुण्यांना इतका सोपा नाही. लासा गावात रंगीत मुखवटे आणि कमरेला जड घंटा बांधलेले पेलिकेइरो चाबूक घेऊन धावतात, त्यांना हात लावायचा नाही, उलट बोलायचं नाही. सोमवारी मुंग्यांनी भरलेली माती अंगावर उडते. शेजारच्या वेरीन आणि शिन्सो दे लिमियाचे मुखवटे वेगळे, आणि कोणता अस्सल यावर वाद घालायची तयारी ठेवा. उन्हाळ्यात मात्र प्रत्येक पॅरिशची, म्हणजे एका चर्चखालच्या वाड्यांची, जत्रा, ट्रकवर उघडणारा प्रचंड रंगमंच, पहाटेपर्यंत ऑर्केस्ट्रा. जत्रेची समिती वर्गणीला दारात येते. पहिल्या वर्षी दिलेली वर्गणी हे तिथलं तुमचं खरं नागरिकत्व.

चेस्टनट दोन्हीकडे भाजतात, नोव्हेंबरच्या सुमारास.

सोबत, जेवण, गाडी

आल्पुहार्रात ओर्हिवा या बाजाराच्या गावी परदेशी इतके आहेत, की इंग्रजीवर वर्षं काढता येतात. डोंगरावर ‘ओ सेल लिंग’ हे तिबेटी बौद्ध केंद्र आहे, १९८० पासून. ओर्हिवात सूफी मंडळी आहेत, हिप्पी वस्ती आहे. शाकाहारी म्हटल्यावर इथे कुणी चमकून बघत नाही आणि डाळी-मसाले मिळतात. (हिंग घरूनच न्या.) तोटा हाच, की तुम्ही परदेश्यांच्या गोतावळ्यात अडकता आणि गावातला माणूस ‘ओला’च्या, म्हणजे नमस्काराच्या, पुढे जात नाही.

गालिसियाच्या आतल्या वाड्यांत पाच-सात उघडी घरं, बहुतेक सत्तरीच्या पुढची माणसं. बोलणं गालेगोत, म्हणजे पोर्तुगीजला जवळच्या गालिसियन भाषेत. शुद्ध शाकाहाऱ्याने इथे जपून यावं: भाजीच्या सूपमध्येही डुकराची चरबी असते आणि ते कुणाला मांस वाटत नाही. पण म्हातारी शेजारीण दाराशी बटाटे, कोबी ठेवून जाईल, आणि परतफेड म्हणून तिला दवाखान्यात नेणं तुमच्याकडे येईल. गोव्यात पोर्तुगीज कानावर असलेल्या कुटुंबातले असाल, तर गालेगो तुम्हाला इतरांपेक्षा कितीतरी लवकर कळेल.

गाडी दोन्हीकडे हवीच. भारत आणि स्पेन यांच्यात लायसन्स बदलून देण्याचा करार नाही. निवासी झाल्यावर सहा महिन्यांनी आपलं लायसन्स संपलं, मग परीक्षा नव्याने. लेखी इंग्रजीतून देता येते, रस्त्यावरची स्पॅनिशमधून. हे काम घर शोधण्याच्या आधी हाती घ्या. स्वयंपाकाचा गॅस पाइपने नाही, नारिंगी बाटलीत येतो. त्यात १२.५ किलो, आपल्या १४.२ च्या सिलिंडरहून थोडा कमी.

कागद

आल्पुहार्रात धोका गावाबाहेरच्या कोर्तिहोचा, म्हणजे शेतघराचा. शेतजमिनीवर परवान्याविना वाढवलेल्या खोल्या भरपूर. नगरपालिकेचं ‘आफो’, म्हणजे असं बांधकाम आहे तसं चालवून घेणारं, प्रमाणपत्र आहे का विचारा. ते असलं तर पाणी-वीज जोडता येते, पण घर वाढवता येत नाही. गालिसियात धोका वारसांचा. विकणारा भाऊ दाखवतो तेवढा एकटा नसतो, आणि जमीन-कराच्या नोंदीत लिहिलेलं क्षेत्रफळ मालकी-नोंदणीशी जुळत नाही. दोन्हीकडे मालकी-नोंदणीतून थोडक्या पैशांत मिळणारा ‘नोता सिंप्ले’ उतारा आधी काढा. मालक कोण, बोजा किती, हे त्यात कळतं.

माझा कल सांगतो. स्पॅनिश कच्ची, कामाला पक्कं इंटरनेट हवं, मुलांना सोबती हवेत, तर आल्पुहार्रा. आणि तोही डोंगरावरचा नाही, ओर्हिवा किंवा लांहारोनच्या आसपास, गावाच्या आत. भाषा शिकायला तयार आहात, हाताने काम करता, आणि गर्दीपेक्षा चार माणसं पुरतात, तर गालिसिया, पण ज्या वाडीत हिवाळ्यातही निदान तीन-चार घरांतून धूर दिसतो तीच. नुसता निवांतपणा शोधत असाल तर दोन्ही नकोत.

घर घेण्याआधी दोन्हीकडे भाड्याने राहा आणि फेब्रुवारी निवडा. त्या महिन्यात गालिसियात ओल शिगेला असते, एन्त्रोइदोही बहुधा तेव्हाच येतो, आणि आल्पुहार्राच्या खालच्या उतारांवर बदाम फुललेले असले तरी वरच्या गावांत सकाळी नळ गोठतात. घर दाखवायला येणाऱ्याला त्या महिन्यात शेगडी पेटवायला सांगा, आणि किती वेळाने खोली गरम होते ते कोट न काढता बघा.