अंबाबाईचं दर्शन: वयस्कर माणसांना घेऊन जाताना

आईला कोल्हापूरला न्यायचं कधीपासून चाललं होतं. परभणीहून गाडीत बसून अंग आंबलेलं, त्यात नेमका शुक्रवार. देवीचा वार, रात्री पालखी, म्हणजे गर्दी असणारच. गाडी बिंदू चौकाच्या बाजूला लावून भवानी मंडपाकडून चालत गेलो. आत बघतो तर गाभाऱ्याच्या दर्शनाची रांग कुठल्या कुठे गेलेली.

आईचे गुडघे तेवढा वेळ टिकणार नव्हते. रांगेतल्याच एक बाई म्हणाल्या, "आज्जींना मुखदर्शनाला न्या की, तिकडनं लवकर होतंय." ऐकलं ते फार बरं केलं. समोरून, थोड्या लांबून देवी दिसते, पण नीट दिसते. आई हात जोडून उभी राहिली आणि कुणी "चला, चला" करून पुढे ढकललं नाही. वयस्कर माणूस सोबत असेल तर मी डोळे झाकून मुखदर्शनच सांगेन. साडी आणि दागिन्यांमुळे मूळ मूर्ती दिसत नाही. चार हातांत म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं फळ), गदा, ढाल आणि पानपात्र (पिण्याचं भांडं) आहे, हे जाण्याआधी मुलांना सांगून ठेवा.

ओटीचा भाव मात्र आधी विचारा. एका दुकानात चपला फुकट ठेवून घेतल्या आणि खण, नारळ, वेणी, हळदकुंकू असं भरलेलं ताट न विचारता हातात दिलं. पैसे ऐकून आईचा चेहरा उतरला. देवाच्या दारात आलेल्या म्हातारीशी असं वागू नये, याचा मला मनापासून राग आला.

दर्शन झालं की लोक थेट महाद्वार रोडच्या खरेदीला पळतात. तसं करू नका, देवळाला बाहेरून सावकाश एक फेरी मारा. भिंत सरळ नाही, कोनाकोनांत मोडत जाते, आणि त्या काळ्या दगडात नाचणाऱ्या, वाद्यं वाजवणाऱ्या बायका कोरल्यात. काहींची नाकं, हात झिजलेत, तरी कमरेचा बाक आणि गळ्यातल्या माळेचा मणी न् मणी वेगळा दिसतो. आई ओट्यावर टेकली होती, मी एकटीच भिंतीजवळून फिरले. पुन्हा गेले तर या भिंतीसाठीच जास्त वेळ काढीन.

देवीचं तोंड पश्चिमेला, म्हणून इथे किरणोत्सव होतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा ओलांडत देवीपर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग छातीपर्यंत, मग चेहऱ्यावर. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या त्याच्या ठरलेल्या तारखा. आभाळ आलं किंवा वाटेतली एखादी इमारत आडवी आली की किरणं मध्येच थांबतात. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी सूर्याचा हिशोब मांडून हे देऊळ बांधलं, त्याच्या वाटेत आपण मजले चढवावेत हे मला अजिबात पटत नाही. महाद्वारासमोरची ती वाट मोकळी राहिलीच पाहिजे.

आईने नोव्हेंबरच्या तारखा कॅलेंडरवर लिहून घेतल्यात. तेव्हा आम्ही दुपारीच जाऊन थांबणार आहोत, आणि ओटी परभणीहूनच भरून नेणार आहोत.