आजीच्या बायबलचे बाइंडिंग: साखर पेठेतील एका दुकानाचा अनुभव

सोलापूरच्या साखर पेठेतील एका बोळात, दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो अशा जागी, पुस्तकांच्या बाइंडिंगचे एक दुकान आहे. दुकानावर पाटी नाही. व्यापाऱ्यांच्या खतावण्या, वकिलांची जुनी पुस्तके आणि विद्यापीठाचे प्रबंध घेऊन येणाऱ्यांना ते ठाऊक असते. बाकीच्यांना विचारत जावे लागते. गेल्या मे महिन्यात मी तिथे माझ्या आजीचे बायबल बांधायला दिले आणि जूनमध्ये परत आणले. काम उत्तम झाले आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र ही मुळात दुसऱ्या एका दुकानात बिघडलेल्या बाइंडिंगची दुरुस्ती होती, आणि ते कसे बिघडले हे सांगितल्याशिवाय या बाइंडरांनी नेमके काय केले ते कळणार नाही.

आजी मिशनच्या शाळेत शिक्षिका होती. तिचे बायबल म्हणजे बायबल सोसायटीची साधी, काळ्या पुठ्ठ्याची प्रत. ती स्वयंपाकघरातल्या फडताळात, तिखटामिठाच्या डब्यांशेजारी असायची, त्यामुळे स्तोत्रसंहितेच्या पानांना अजूनही हळदीचा डाग आहे. आजी समासात लिहीत असे, पण अर्थ किंवा टिपणे नव्हेत. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात असे सांगितले आहे, की वेदीजवळ अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. त्या वचनांशेजारी तिच्या बारीक अक्षरात पंधरावीस नोंदी होत्या: एखादे नाव, तारीख, आणि त्याखाली काही दिवसांनी वेगळ्या शाईने लिहिलेला एकच शब्द, ‘बोलले’. एके ठिकाणी ‘दूधवाल्याचे ३ रु. राहिले’ आणि त्याखाली ‘दिले’. योहानाच्या सतराव्या अध्यायापाशी, जिथे सर्वांनी एक व्हावे अशी येशूची प्रार्थना आहे, तिथे लिहिले होते: ‘२९ नोव्हेंबर १९७०. नागपूरला मंडळ्या एक झाल्या. शेजारणीशी चार महिने बोलणे नाही.’ अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या, म्हणजे चर्च, मिळून झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना त्या दिवशी नागपुरात झाली, इतकी मोठी घटना. आणि आजीला तिच्याजवळ चाळीतल्या नळावरचे भांडण नोंदवावेसे वाटले. त्याखालीही पुढे ‘बोलले’ आहे. म्हणजे होते.

शिवण सुटून पाने गळायला लागली तेव्हा ते पुस्तक मी आमच्याच मंडळीतील एका गृहस्थांच्या दुकानात दिले. दारावर ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, गल्ल्यामागे दुसरे वचन, बिलबुकाच्या माथ्यावर तिसरे. गिऱ्हाईक आत आले की ‘जय ख्रिस्त’ आणि फोन उचलला तरी ‘जय ख्रिस्त’. हे गृहस्थ तरुणांच्या सभेत पंडिता रमाबाईंवर फार चांगले बोलतात: रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत कशा आणत होत्या, त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली ते कसे प्रसिद्ध झाले, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधील बायकामुलींनी त्याच्या छपाईसाठी किती कष्ट घेतले. मी हे व्याख्यान दोनदा ऐकले आहे आणि दोन्ही वेळा माझे डोळे भरून आले होते. त्यांनाच पुस्तक द्यावे असे वाटण्याचे तेही एक कारण होते.

आठ दिवसांनी पुस्तक परत मिळाले ते चकचकीत रेक्झिनमध्ये, वर सोनेरी क्रूस. उघडायला गेलो तर ते नीट उघडेना, कारण सुटलेली शिवण पुन्हा घालण्याऐवजी सगळ्या पाठीला फेविकॉल थापला होता. आणि तिन्ही बाजू कटिंग मशीनखाली घालून बोटभर कापल्या होत्या. ‘कडा पिवळ्या पडल्या होत्या, स्वच्छ करून दिल्या,’ असे ते म्हणाले. आजीच्या नोंदी आता ‘बो’पाशी संपत होत्या, काही ठिकाणी नुसते नाव राहिले होते आणि योहानाच्या सतराव्या अध्यायातली शेजारीण पूर्ण गेली होती. मी तक्रार केली तेव्हा त्यांनी पुस्तक हातात घेतले, दोनचार पाने उलटली आणि विचारले, ‘छापील मजकुराला कुठे धक्का लागला आहे का?’ नव्हता लागला. छापलेले एक अक्षरही कापले गेले नव्हते, हे मला मान्य करावे लागले.

पैसे परत मागितल्यावर ते म्हणाले, ‘भाऊ, सातांच्या सत्तर वेळा क्षमा करायला आपल्याला सांगितलंय.’ क्षमा मागणाऱ्याने काय करावे याचाही नमुना त्याच पुस्तकात आहे, लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात: जकातदार जक्कय झाडावरून उतरतो, येशूला घरी नेतो आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत देतो म्हणतो. हे मला तिथे उभ्या उभ्या आठवले, पण बोलता आले नाही. कारण माझ्याकडे पावती नव्हती, आणि ती नव्हती याचे कारण मीच होतो. चारशे रुपये ठरले तेव्हा ‘आपल्यातलंच काम आहे, बिलाचं राहू द्या, तेवढं कमी करा’ असे मीच म्हणालो होतो. मी मंडळीचा पंच आहे. त्याच महिन्यात एका रविवारी मत्तयाचा तेविसावा अध्याय वाचण्याची पाळी माझी होती, ज्यात धर्मनियम काटेकोर पाळणारे परूशी लोक पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशमांश मोजून देतात पण न्याय, दया आणि विश्वास सोडून देतात, असे येशू सुनावतो. वाचन चांगले झाले, असे नंतर दोघांनी येऊन सांगितले होते.

आता साखर पेठेविषयी. हे बाइंडर पद्मशाली समाजाचे आहेत. भिंतीवर मार्कंडेय ऋषींची तसबीर आहे, कोपऱ्यात लाकडी दाबयंत्र आहे, आणि दुकानात खळीचा आंबूस वास असतो. मी पुस्तक त्यांच्यापुढे खाली ठेवायला गेलो, तर त्यांनी ते हातात घेऊन पाटावर ठेवले. माझ्या मनात लगेच एक कौतुकाचे वाक्य तयार झाले, पण मग पाहिले तर पाटावर एका सूतव्यापाऱ्याचा रोजमेळही होता. तिथे प्रत्येक पुस्तक पाटावरच ठेवले जाते, कारण फरशीला ओल असते.

त्यांनी पाठ दाबून पाहिली, वास घेतला आणि तेलुगू हेलाच्या मराठीत म्हणाले, ‘कुणी केलं ओ हे? कापलेलं परत येत नाही, ते मनातून काढून टाका. बाकीचं बघतो.’ मी सवयीने म्हणालो की धर्मग्रंथ आहे, किमतीत जरा सांभाळून घ्या. ते म्हणाले, ‘धर्मग्रंथाला दोरा स्वस्त मिळत नाही ओ.’ साडेसातशे रुपये सांगितले आणि वहीच्या कागदावर काय काय करणार ते लिहून, खाली सही करून दिले. मी मागितले नव्हते.

पुढे तीनदा मी नुसते काम पाहायला गेलो. पाठीवरचा फेविकॉल काढायला त्यांना चार दिवस लागले. ओल्या खळीचा लेप द्यायचा, थर मऊ झाला की बोथट सुरीने खरवडायचा, आणि कागद भिजू लागण्याच्या आत थांबायचे. बायबलचा कागद इतका पातळ असतो की मागच्या पानावरची अक्षरे पुढे दिसतात, त्यामुळे हे काम त्यांनी पोराकडे दिले नाही. मग एकेक फर्मा, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांचा जुडगा, सुटा करून फाटलेल्या घड्यांना आतून पातळ कागदाची पट्टी लावली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने संपूर्ण जुजबंदी, म्हणजे फर्म्यांची शिवण, केली. खळ मैद्याची, त्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद. मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात खळ भराभर वाळते आणि पुठ्ठा वाकतो, म्हणून पुठ्ठा चढवायचे काम त्यांनी पहाटे केले आणि पुस्तक दोन दिवस दाबात ठेवले. वरून रेक्झिन नको, कापड लावा, हेही त्यांनीच सुचवले. रेक्झिन स्वस्त पडते पण चारपाच वर्षांत त्याला चिरा जातात, असे त्यांचे म्हणणे. सोनेरी कड करून द्याल का, असे मी विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले.

मला सर्वांत जास्त आवडले ते मात्र दुसरेच. ज्या पानांवर आजीची लिखाणे अर्धवट कापली गेली होती, अशी चौदा पाने त्यांनी स्वतः शोधून काढली आणि विचारले, की इथे नवी कड जोडू का. तशाच जाडीच्या कागदाच्या अरुंद पट्ट्या त्या पानांना जोडल्या आहेत. जोड बोटाला लागतो, डोळ्यांना लगेच दिसतो, कारण जुना कागद पिवळा आहे आणि पट्टी पांढरी. तो लपवण्याचा प्रयत्न त्यांनी केलेला नाही. ‘बो’च्या पुढे आता कोरी जागा आहे. ‘लले’ मी लिहून टाकावे का, असे घरात सगळ्यांनी विचारले. मी लिहिलेले नाही.

उणिवा आहेत, आणि त्या सांगायलाच हव्यात. पंधरा दिवस सांगून चोवीस लावले आणि उशीर होणार हे फोन करून कळवले नाही. पाठीवर ‘पवित्र शास्त्र’ ही सोनेरी अक्षरे हाताने ठोकलेली आहेत आणि ‘शास्त्र’ किंचित खाली उतरले आहे. दुपारी एक ते चार दुकान बंद असते, ते कुठे लिहिलेले नसल्यामुळे माझी एक फेरी भर उन्हात फुकट गेली. बोलणे तुसडे आहे. त्यांना चांगल्या शोमरोन्याच्या, म्हणजे जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परक्याच्या, दाखल्यात बसवण्याचा मोह मला झाला होता, पण त्यांच्याच दुकानात बसून एका गिऱ्हाइकावर ते ज्या आवाजात ओरडले तो ऐकल्यावर तो बेत मी सोडून दिला. त्यांना दोऱ्याचे काम येते आणि जे लिहून दिले ते त्यांनी केले. शेवटी पन्नास रुपये सुट्टे नव्हते म्हणून मी ‘पुढच्या वेळी देतो’ म्हणालो आणि ते ‘बरं’ म्हणाले. घरी आल्यावर नव्या पट्टीवर, दूधवाल्याच्या तीन रुपयांशेजारी, मी ती बाकी लिहिली आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिली.

आमच्या मंडळीत ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकाच्या चाळीस प्रती खिळखिळ्या झाल्या आहेत आणि त्यांचे बाइंडिंग कोणाकडे द्यायचे हा विषय या महिन्याच्या बैठकीत आहे. साखर पेठेतून मी प्रतीमागे एकशे तीस रुपयांचा दर कागदावर आणला आहे, पावतीसह. बैठकीआधीच दोघा पंचांनी विचारून झाले, की आपला माणूस असताना काम बाहेर का. उत्तर द्यायचे तर सगळी हकिगत सांगावी लागेल, आणि मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम स्पष्ट दिला आहे: भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे जा आणि दोघेच असताना त्याला सांग, मंडळीला सांगणे त्याच्याही पुढे, तिसऱ्या पायरीवर येते. त्या दिवशी दुकानात मी पुढे काही न बोलता निघून आलो आणि नंतर पाचसहा जणांना सांगत सुटलो, म्हणजे पहिली पायरी मी ओलांडलेलीच नाही. इथेही त्या दुकानाचे नाव मी दिलेले नाही ते त्याच कारणाने. बिल बुडवायला मीच सांगितले होते, तेही त्यांना सांगायचे आहे. शनिवारी संध्याकाळी सातनंतर त्यांच्याकडे गर्दी कमी असते, तेव्हा जाणार आहे. बायबल सोबत नेत आहे.