मोटरसायकल कोणाकडून शिकावी: घरच्या माणसाकडून की प्रशिक्षण वर्गात?

शिकाऊ परवान्यासाठी खुणा आणि नियम पाठ करता येतात. हात-पाय तयार करायला मात्र कोणीतरी शिकवणारं लागतं, आणि ते कोण हे बहुतेक जण सोयीवर ठरवतात. माझं मत आधीच सांगतो: पाया वर्गात घाला, सराव घरच्यांबरोबर करा.

घरच्या माणसाकडे वेळ असतो. क्लच हळू सोडत गाडी बंद न पाडता निघणं, मागचा ब्रेक हलका धरून संथ वळणं, चढावर थांबून पुन्हा सुटणं, हे सगळं पुन्हा पुन्हा करूनच अंगवळणी पडतं. वर्गातल्या शिक्षकाला प्रत्येकासाठी इतका वेळ काढता येत नाही.

ब्रेकबद्दलचा घरचा सल्ला मात्र पारखून घ्या. ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, पडशील’ असं बजावणारे पुष्कळ भेटतात. ब्रेक लागताच भार पुढे सरकतो, पुढचं टायर रस्ता घट्ट धरतं आणि मागचं हलकं होतं, म्हणून गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचंच चाक करतं. नुसता मागचा ब्रेक जोरात दाबला तर चाक अडकून घसरतं आणि थांबायला अंतरही जास्त लागतं. गाडी सरळ ठेवावी, नजर लांब समोर असावी, दोन्ही ब्रेक एकत्र लावावेत आणि पुढचा लिव्हर झटका न देता वाढत्या दाबाने ओढावा. एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीवर तर या सवयीवरच सगळं अवलंबून असतं. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर साधारण चौपट होतं.

अमेरिकेत संशोधक हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 मोटरसायकल अपघातांचा घटनास्थळी जाऊन अभ्यास केला. 1981 च्या त्या अहवालात 92 टक्के चालक स्वतःहून किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले निघाले. नेहमीची चूकही ब्रेकचीच होती: मागचा जास्त, पुढचा कमी. ऐनवेळी गाडी झटकन बाजूला काढण्याचं कसब तर जवळपास दिसलंच नाही.

हे कसब वर्गात मिळतं. वेगात असताना उजवीकडे जायचं तर हँडलची उजवी बाजू पुढे ढकलायची, हे ऐकून कोणालाही खोटं वाटेल. मोकळ्या मैदानात, शंकूंमधून, शिक्षकाच्या नजरेखाली केलं की हाताला पटतं.

वर्गाची उणीवही मोठी आहे. मैदानात कोणी आडवं येत नाही. हर्ट यांच्या अभ्यासात दुसऱ्या वाहनाशी झालेल्या सुमारे दोन तृतीयांश अपघातांत त्या वाहनानेच मोटरसायकलचा रस्ता अडवला होता. समोरून वळू पाहणाऱ्या गाडीचं चाक बघणं, चौकाआधी वेग कमी करून ब्रेकवर बोटं ठेवणं, लेन बदलताना आरशावर न थांबता मान वळवून पाहणं, हे रस्त्यावरच, अनुभवी माणूस सोबत असताना शिकायचं. प्रशिक्षणाने अपघात घटतात असं संशोधनातून ठामपणे सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे नुसत्या प्रमाणपत्रावर विसंबून वेग वाढवू नका. हेल्मेट दोन्हीकडे पूर्ण चेहरा झाकणारं आणि पट्टा बांधलेलं हवं.

वर्ग निवडताना एवढंच विचारा: तातडीचा ब्रेक आणि अडथळा चुकवणं प्रत्येकाकडून प्रत्यक्ष करून घेता का? उत्तर नाही असेल तर दुसरा वर्ग बघा. वर्ग मिळतच नसेल, तर शिकवणाऱ्याला आधी रिकाम्या जागेत दोन्ही ब्रेक वापरून गाडी थांबवून दाखवायला सांगा. त्याला ते सफाईने जमत असेल तरच त्याच्याकडून शिका.