क्लॅरेंडन की जाड बोडोनी?

मथळ्यासाठी जुन्या वळणाचा, भारदस्त आणि ठळक सेरिफ टाइप (ज्याच्या दांड्यांच्या टोकांना छोटे पाय असतात तो) शोधायला निघालं की फिरून फिरून दोन नावांशी येऊन थांबायला होतं: क्लॅरेंडन आणि जाड बोडोनी. मी दोन्ही भरपूर वापरले आहेत. बरीच वर्षं मी बोडोनीच्या बाजूचा होतो, आता तसा नाही. तुमचं काम वेगळं असेल तर तुमचा निर्णय वेगळा होऊ शकतो, हे आधीच मान्य करतो.

मोठ्या आकारात बोडोनीला तोड नाही. ७२ पॉइंटच्या वर (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप) एखादा इंग्रजी ‘आर’ किंवा ‘क्यू’ लावून बघा. काळ्याभोर उभ्या दांड्याला केसाएवढी रेष थेट काटकोनात येऊन भिडते, सांध्यावर गोलाई अशी नाहीच. त्याचा सगळा रुबाब जाड-बारीकच्या या फरकात आहे. पण हा इतका जाड बोडोनी खुद्द जाम्बात्तिस्ता बोडोनीचा नाही. पार्मातला तो मुद्रक १८१३ मध्ये वारला. अल्ट्रा बोडोनी मॉरिस फुलर बेंटन या टाइपकाराने १९२८ मध्ये काढला, आणि पोस्टर बोडोनी चॉन्सी ग्रिफिथने १९२९ मध्ये लिनोटाइप कंपनीसाठी. दांडे फुगले, बारीक रेषा मात्र बारीकच राहिल्या. माझं घोडं अडलं ते याच रेषांवर.

एका पुस्तिकेचं मुखपृष्ठ करत होतो. गडद पार्श्वभूमी, त्यावर पांढरी अक्षरं. शीर्षक मोठं होतं आणि त्याखाली २० पॉइंटमध्ये उपशीर्षक, दोन्ही पोस्टर बोडोनीत. पडद्यावर सुरेख दिसलं, गुळगुळीत कागदावरचं प्रूफही (चाचणीची प्रत) स्वच्छ आलं. प्रत्यक्ष छपाई खरबरीत, शाई पिणाऱ्या कागदावर झाली आणि शाईने पसरून पांढऱ्या रेषा गिळल्या. लहान ‘ई’मधला आडवा दांडा भरून गेला आणि तो ‘सी’ वाचला जाऊ लागला. ‘एन’चे दोन पाय सुटे उभे राहिले. शीर्षकाला काही झालं नव्हतं, उपशीर्षक मात्र अडखळत वाचावं लागत होतं. सगळ्या प्रती छापून झाल्या होत्या. ती पुस्तिका हातात घेतली की माझी नजर अजूनही त्या एका ओळीवरच जाते.

नंतर उपाय करून पाहिले. अक्षरांभोवती बारीक बाह्यरेषा दिली, तर रेषा टिकल्या पण देखणेपणा गेला. १९९४ च्या आयटीसी बोडोनीत ६, १२ आणि ७२ पॉइंटसाठी वेगवेगळी रेखाटनं आहेत, आणि लहान आकारात ती खरोखर टिकतात. धातूच्या खिळ्यांनी छपाई होई त्या काळात प्रत्येक आकार वेगळा कोरला जाई, तीच समज तिथे आहे. पण त्यातल्या ठळक वजनाला (म्हणजे अक्षराच्या जाडीला) पोस्टर बोडोनीचा भरगच्चपणा नाही, आणि मला हवा होता तो नेमका तोच.

क्लॅरेंडनचा जन्मच वेगळ्या गरजेतून झाला. १८४५ मध्ये लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत (टाइप ओतायच्या कारखान्यात) रॉबर्ट बेस्लीने तो आणला, ठसे बेंजामिन फॉक्सने कोरले. चालू मजकुरात, साध्या अक्षरांच्या शेजारी बसून एखादा शब्द उठून दिसावा, हे त्याचं काम. म्हणजे लहान आकारात तग धरणं ही त्याची पहिलीच अट होती. म्हणून त्याच्या बारीक रेषांनाही अंग आहे, आणि सेरिफ दांड्याला गोलाईने मिळतात. नकलेपासून नोंदणीने मिळालेलं संरक्षण तीनच वर्षांचं होतं. ते संपताच इतर फाउंड्र्यांनी नकला काढल्या. आज आपण वापरतो त्यातलं बरंचसं १९५३ मध्ये हास फाउंड्रीसाठी हेरमान आयडनबेन्झने केलेल्या आवृत्तीच्या वळणाचं आहे.

तेच उपशीर्षक मी पुढच्या आवृत्तीत क्लॅरेंडनच्या ठळक वजनात लावलं. आकार तोच, कागद तोच, पांढरी अक्षरंही तशीच. एकही ‘ई’ बुजला नाही. मोजमाप काही केलेलं नाही, डोळ्यांना दिसलं ते सांगतो. लांबूनही मला तोच बरा वाटतो. बोडोनीत ‘एम’, ‘आय’, ‘एन’, ‘यू’ ओळीने आले की कुंपणाचे खांब दिसतात, शब्द दिसत नाही. क्लॅरेंडनचे रुंद पाय नजरेला एका अक्षरावरून दुसऱ्यावर नेतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या पाट्यांवर तो वर्षानुवर्षं होता, याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

त्याचेही त्रास आहेत. तो जागा खातो. बोडोनीत एका ओळीत मावणारं शीर्षक इथे हमखास दुसऱ्या ओळीत उतरतं. जुन्या वळणाच्या बहुतेक आवृत्त्यांत इटॅलिक (तिरपी अक्षरं) नाही, त्यामुळे मथळ्यात एखाद्या ग्रंथाचं नाव आलं की पंचाईत होते. नजाकत हवी असेल तिथे तो जरा ठोकळेबाज वाटेल, हेही खरं.

शीर्षक बोडोनीत आणि उपशीर्षक क्लॅरेंडनमध्ये, असा मेळही घालून पाहिला. दोघेही अंगाने जाड, त्यामुळे एकमेकांना जागा देत नाहीत. निवड एकाचीच करावी लागते. फक्त मोठं शीर्षक आणि गुळगुळीत कागद एवढंच काम असेल तर बोडोनी जरूर घ्या. पण तोच टाइप खाली लहान ओळीतही लागणार असेल, तर ‘ई’ जास्त असलेला एक शब्द तुमच्या सर्वांत लहान आकारात, काळ्यावर पांढरा, ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर आधी काढून बघा. मी ते पुस्तिका छापायच्या आधी केलं नव्हतं.