'फोकस'चा कोर्स, ८९,९५९ रुपये आणि माझ्या नावावरचं कर्ज

एका संस्थेच्या कोर्सपायी गेलेले ८९,९५९ रुपये. ४,९९९ 'सीट ब्लॉक' करायला, ७२,००० फी आणि फीवर १८ टक्के जीएसटी. आकडा मुद्दाम पूर्ण लिहितोय. 'गेले थोडेफार' म्हणत गप्प बसणारे खूप भेटले.

मी काही बावळट नाही. पुण्यात बॅकएंडवर, म्हणजे सर्व्हरच्या कोडवर काम करतो. मॅनेजरने पीआयपीवर (काम सुधारा, नाहीतर नोकरी जाईल अशा मुदतीवर) टाकलं होतं, सारखा हात फोनकडे जायचा, साधं रिकर्शन (स्वतःलाच पुन्हा बोलावणारा कोड) डीबग करताना डोकं बंद पडायचं. अशात कोणी 'फोकस आणि कोडिंग दोन्ही ९० दिवसांत, नाहीतर पैसे परत' म्हणालं की माणूस ऐकतोच. ज्यांची नोकरी टांगणीला लागलेली नाही त्यांनी शहाणपण शिकवू नये.

फुकटचा वेबिनार, मग 'काउन्सेलर'चा फोन, रात्री बारापर्यंतच डिस्काउंट. हे सगळ्यांना पाठ आहे. मला डाचतं ते पुढचं. हप्त्यांची लिंक आली. पॅन मागितलं, आधारचा ओटीपी मागितला, मग सेल्फी. मी विचारलंसुद्धा, "फी भरायला सेल्फी कशाला?" तो म्हणाला, "सर, केवायसी आहे, फॉर्मॅलिटी." आणि ॲड्रेस बारमध्ये संस्थेचं नाव नव्हतंच, कुठल्यातरी फायनान्स कंपनीचं होतं! यूआरएल बघायचाच पगार घेतो हो मी. पण स्क्रीन शेअर करायला लावून तो 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत होता, वाचायला उसंत कुठे दिली? कर्ज माझ्या नावावर, रक्कम थेट संस्थेला, ७,०८० चा हप्ता बारा महिने माझ्या खात्यातून. ते शिकवोत की न शिकवोत.

'नो कॉस्ट ईएमआय' दिसलं की आधी विचारा, कर्ज कोण देतंय. 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाची रक्कम, व्याज, शुल्क एकत्र सांगणारा कागद) हातात आल्याशिवाय ओटीपी देऊ नका.

शिकवलं काय, तर पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. पोमोडोरो! 'एक्सक्लुझिव्ह' प्रोजेक्टच्या झिपमध्ये गिटचं फोल्डर (कोड कोणी, कधी बदलला याची नोंद) तसंच राहिलं होतं. लॉग काढला तर कमिट, म्हणजे बदलांच्या नोंदी, भलत्याच माणसाच्या, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर फुकट पडलेला कोड. लायसन्सची फाइल (कोड कोणाचा, कसा वापरायचा हे सांगणारी) तेवढी आठवणीने उडवलेली. पैसे परत मिळायला सगळ्या असाइनमेंट 'अप्रूव्ह' हव्यात, आणि अप्रूव्ह करणार तेच.

चौकीत गेलो. "ओटीपी तुम्हीच दिलात ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे." अर्जावर पोचसुद्धा मागून मागून मिळाली. ग्राहक हेल्पलाइनने तक्रार त्याच संस्थेकडे पाठवली, संस्थेने 'सेवा दिली आहे' असं एका ओळीत कळवलं, तक्रार बंद. मला फोन करून विचारायची तसदी कोणी घेतली नाही. बँक म्हणते फायनान्स कंपनीला विचारा, फायनान्स कंपनी म्हणते संस्थेला विचारा, संस्थेचा फोन लागत नाही. चिडून मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) बंद केलं, तर दंडाचे ५९० लागले आणि सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत) घसरला. मग हे सगळे बसलेत कशासाठी?

फोनवरची आश्वासनं ईमेलवर मागा. टाळाटाळ झाली की फोन ठेवा. शिकायचंच असेल तर आयआयटींचं एनपीटीईएल आहे, हार्वर्डचा सीएस५० हा प्रोग्रामिंगचा कोर्स आहे, दोन्ही फुकट बघता येतात.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही, हे मला कुठल्याच खिडकीवर सांगितलं नाही. माझ्या बॅचमधल्यांनी काउन्सेलरचे कॉल रेकॉर्डिंग डिलीट करू नयेत, पुराव्याला लागतील.