कोडेक पॅक, व्हीएलसी की फाईलच बदलायची?

व्हिडिओ चालत नाही असं कोणी सांगितलं की मी आधी विचारतो, आवाज येतो का? परवा शेजारचे गृहस्थ पेनड्राईव्ह घेऊन आले. "भाऊ, आवाज येते, पण चित्रच नाही दिसत." म्हणजे फाईल बहुधा धड आहे, चित्र ज्या कोडेकमध्ये (म्हणजे चित्र दाबून साठवायच्या आणि परत उलगडायच्या पद्धतीत) बांधलंय तो संगणकाला उलगडत नाही. आवाज आणि चित्र दोन्ही नसेल, तर कॉपी अर्धवट राहिली का ते बघा. एमपी4 फाईलची अनुक्रमणिका पुष्कळदा शेवटी असते. शेपूट तुटलं की बाकी सगळं असूनही फाईल उघडत नाही. तिथे कुठलाच प्लेअर कामाचा नाही, फाईल पुन्हा आणावी लागते.

पण नुसतं चित्र अडलं असेल तर तीन वाटा उरतात: कोडेक पॅक बसवणं, व्हीएलसी हा प्लेअर वापरणं किंवा फाईलच दुसऱ्या कोडेकमध्ये बदलणं. तिन्ही मी चाललोय.

कोडेक पॅकचा, म्हणजे विंडोजमध्ये एकदम बसणाऱ्या कोडेकच्या संचाचा, मोह मला समजतो. एकदा टाकला की सवयीचाच प्लेअर सगळं चालवायला लागतो, फोल्डरमध्ये व्हिडिओची छोटी चित्रंही दिसतात. मी दोनेक वर्षं त्यावरच होतो. मग एका नव्या फाईलसाठी पहिल्याच्या वर दुसरा पॅक चढवला.

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरी आजीने मांडलेल्या शेवटच्या महालक्ष्म्यांचं, 2007 चं, चित्रण आमच्याकडे एव्हीआय फाईलमध्ये आहे. दुसरा पॅक चढवला त्या वर्षी सणाच्या दिवशी आईला ते बघायचं होतं. फाईल लावली, आरतीचा आवाज स्वच्छ आला आणि पडद्यावर ज्येष्ठा-कनिष्ठा दोघी उलट्या, डोकं खाली. आईने हात जोडले होते, ते तसेच राहिले. मग म्हणाली, "बंद कर, असं नाही पाहवत मला."

कारण नंतर शोधलं. विंडोजच्या जुन्या व्यवस्थेत प्रत्येक फिल्टरला, म्हणजे पॅकमधल्या फाईल उलगडणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, एक अग्रक्रम असतो. दोन पॅक एकत्र आले की जास्त अग्रक्रमाचा फिल्टर मध्ये घुसतो, फाईल त्याच्या हातची असो वा नसो. त्यातून आरजीबी (लाल-हिरवा-निळा अशा रंगांत मांडलेल्या) चित्राच्या ओळी खालून वर साठवायची विंडोजची जुनी रीत. एकाने दिलेल्या ओळी दुसऱ्याने वरून खाली वाचल्या की चित्र पालथं. दोन्ही पॅक काढून टाकले तेव्हा ते सरळ झालं, पण सण निघून गेला होता. हे प्रत्येकाच्या घरी होईलच असं मी म्हणणार नाही. एकच पॅक नीट ठेवणाऱ्यांचं वर्षानुवर्षं सुरळीत चाललेलंही पाहिलंय.

व्हीएलसी या भांडणात पडतच नाही. आपले डिकोडर, म्हणजे कोडेक उलगडणारे भाग, तो सोबत घेऊन येतो, विंडोजमध्ये काय बसवलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो आला, 2001 पासून मुक्त परवान्यावर आहे. आवाज ओठांशी जुळत नसेल तर जे आणि के या बटणांनी तो 50 मिलिसेकंदांनी मागेपुढे सरकतो. जुन्या चित्रणांना हे फार लागतं. फोल्डरमधली छोटी चित्रं मात्र त्याच्याकडून मिळत नाहीत आणि दिसायला तो साधाच आहे. मला चालतं.

फाईल कन्व्हर्ट करणं मी शेवटी ठेवतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकलेला असताना जुना संगणक तासन् तास पूर्ण ताकदीने पळवायचा, आणि मध्येच लाईट गेली की पहिल्यापासून. शिवाय चित्राचा दर्जा थोडा उतरतोच. तरी एका ठिकाणी दुसरा इलाज दिसत नाही: नव्या फोनचं 4के (खूप बारीक तपशिलाचं), एचईव्हीसी या नव्या कोडेकमधलं चित्रण. इंटेलच्या सहाव्या पिढीआधीच्या संगणकात ते उलगडायची पूर्ण सोय चिपमध्ये नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि चित्र अडखळतं. व्हीएलसीतही अडखळतं. तेव्हा रात्री फाईल एच.264 या जुन्या, हलक्या कोडेकमध्ये बदलायला लावावी. मूळ प्रत मात्र पुसू नये.

शेजाऱ्यांची फाईल व्हीएलसीवर लगेच लागली. त्यांच्या संगणकावरचे पॅक काढायला ते अजून तयार नाहीत. जुन्या एडिटिंग सॉफ्टवेअरला पॅक लागतो म्हणाले. तेही खरं आहे. एकच ठेवा, एवढं सांगून पाठवलं.