प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रेडिएशन: लगेच घ्यावं की पीएसए वाढेपर्यंत थांबावं?

पूर्वी हिशोब सोपा होता: गाठ प्रोस्टेटच्या आवरणाबाहेर गेली असेल, तर ऑपरेशननंतर काही महिन्यांत शेक (म्हणजे रेडिएशन) देऊन मोकळं व्हायचं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅडिकल्स चाचणीने त्याला धक्का दिला. जवळपास 1,400 रुग्ण. निम्म्यांना लगेच रेडिएशन, बाकीच्यांवर नुसती नजर. पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन; ऑपरेशननंतर ते वाढणं ही कॅन्सर परतल्याची खूण) 0.1 झाला किंवा लागोपाठ तीनदा वाढला, तरच शेक. पाच वर्षांनी आजाराच्या नियंत्रणात फारसा फरक नव्हता.

त्रासात मात्र होता. ऑपरेशननंतर खोकताना, शिंकताना अनेकांची लघवी गळते. पॅड हळूहळू कमी होत असतात. त्याच काळात शेक सुरू झाला की ही सुधारणा रेंगाळते. लगेच शेक घेतलेल्यांनी वर्षभरानंतर गळतीची तक्रार जास्त केली. मूत्रमार्ग आकसून धार बारीक होण्याचं प्रमाणही त्यांच्यात थोडं अधिक होतं. शेक लगेच घेतला काय किंवा नंतर, शौचाची घाई, जळजळ होऊ शकते आणि शौचातून रक्त कधी कधी वर्षा-दोन वर्षांनीही दिसतं. पण थांबलेल्यांपैकी बऱ्याच जणांना शेक लागतच नाही!

थांबण्याची किंमत म्हणजे दर काही महिन्यांनी पीएसए आणि रिपोर्ट येईपर्यंतची धाकधूक. ती तपासणी चुकवणाऱ्याने थांबू नये. लसिकाग्रंथींत आजार सापडला असेल किंवा ग्लीसन स्कोअर (कॅन्सर किती आक्रमक आहे याचा आकडा) 8 किंवा त्याहून जास्त असेल, तर लगेच शेक घेण्याचा विचार अजूनही होतो. बाकीच्यांनी, माझ्या मते, आधी गळती आटोक्यात येऊ द्यावी.